तिराचं पातं आणि पंचनाम्याचा कागद
(नारायण पेठ, पुणे इथल्या बैठकीतलं सातपुड्यातल्या साथीचं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे.)



मघाशी एका पोरानं विचारलं, तिराला पातं कसलं चांगलं? सांगतो. आमच्याकडं धनुष्य बांबूचं, दोरीसुद्धा बांबूच्या चिपेचीच. पातं मात्र लोहाराचं. गाडीच्या जुन्या पाट्याचं लोखंड सगळ्यात टिकाऊ. पण पाणी जास्त पाजलं तर हाडावर तुकडा उडतो, कमी पाजलं तर टोक मुडपतं. म्हणून पाणी दिल्यावर परत हलकं तापवायचं. रुंद पात्याची जखम मोठी, पण ते वारा धरतं, तीर भरकटतो. अरुंद खोल जातं. मधली शीर जाड ठेवायची. देठ लांब पाहिजे, नाहीतर कांडी फुटते. वरून सूत गुंडाळून लाख लावायची. आणि सगळी पाती सारख्या वजनाची, नाहीतर हात बसत नाही. पाखराला पातं नसतंच, लाकडाचं बोथट बोंड.

हे सगळं आता सांगायपुरतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद. त्यात हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलाय. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमीन आली, डिंक-मोह आला, पण शिकारीचा हक्क सरळ वगळला. हे गावात लपवू नका. दाव्याच्या वेळी "आम्ही शिकार करतो" असं कुणी भोळेपणानं बोललं तर तेच अंगावर येतं.

माझ्या काकाचं झालं ते ऐका. घराच्या आढ्याला तिरकमठा आणि चार तीर. बापाचे. झडती आली. मांस नाही, कातडं नाही. पंचनाम्यात लिहिलं, 'शिकारीचे हत्यार'. काकानं न वाचता अंगठा दिला. आता दाव्याच्या फायलीला तो कागद जोडलाय. तुमच्या पुण्यात आदिवासी संग्रहालयात हीच वस्तू काचेमागं आहे, तिथं ती संस्कृती!

कायदा काय म्हणतो? गुन्ह्यात वापरलेलं हत्यार सरकारजमा होतं. घरात टांगलेलं म्हणजे वापरलेलं नव्हे. अभयारण्यात मात्र, आमच्याकडं यावल किंवा अनेर, लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणंच मना आहे. तिथं तीर नेऊ नका, नाचाला जातानासुद्धा आडवाटेनं नको. अस्वल अंगावर आलं आणि जीव वाचवायला मारलं तर तो गुन्हा नाही, पण लगेच चार माणसं बोलवा, सांगा.

झडती आली तर बाई असो बापय, आधी कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतली पोरगी बोलवा. 'आढ्याला टांगलेला, वडिलोपार्जित, जनावराचा अंश मिळाला नाही' एवढं लिहून झाल्याशिवाय अंगठा नाही. नक्कल मागा.

काकाच्या कागदाची नक्कल मी आणली आहे. इथल्या वकील साथींनी आजच बघावी, पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे.