मेंदूतल्या निजलेल्या पेशी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सासूबाई विसरू लागल्या, तेव्हा मेंदूला कॅल्शियम लागते एवढेच ऐकून मी त्यांच्या गोळ्या दुप्पट केल्या. त्यांचे पोट मात्र बिघडले. डॉक्टर रागावले, मग मुलीने वाचून समजावले.

मोठ्या उंदरांच्या मेंदूतही नव्या पेशी जन्मतात, हे १९६५ साली जोसेफ आल्टमन व गोपाल दास यांनी दाखवले. त्यांच्या मूळपेशी बहुधा निजलेल्या असतात. निजावे की जागे व्हावे, हे पेशीच्या आतल्या कॅल्शियमच्या लहरींवर अवलंबून असते, असे २०२१ साली उंदरांतच दिसले. माणसाबद्दल मतभेद आहेत.

रक्तातले कॅल्शियम शरीर मोजून ठेवते; जादा गोळीने ती लहर उठत नाही. तेव्हा भगिनींनो, विसरभोळेपणा दिसला, तर आधी डॉक्टरांना विचारा. माझी चूक तुम्ही करू नका, एवढेच सांगून रजा घेते.