कृपासदन

ईश्वरी कृपा वेतनासारखी कमवावयाची नसते. ती अपात्रासही विनामूल्य लाभते, हे ख्रिस्ती तारणमताचे सार होय. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. ह्या दयेचे मूळ त्यांनी विचारिले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. तिचे पूर्वचरित्र ठाऊक असूनही ख्रिस्त विहिरीपाशी तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिला जीवनाचे पाणी देऊ करितो. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगाव येथे त्यांनी पतित मानलेल्या स्त्रियांसाठी निराळे घर उभारिले आणि त्यास ‘कृपासदन’ हे नाव दिले. फुलहॅम येथे पाहिलेल्या दयेला अशा रीतीने महाराष्ट्रात घर मिळाले.