बंदुकीचा आवाज आणि शेताची राखण

श्रोतेहो, यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि तूर भरात आली, की शेतकऱ्याची रात्रीची झोप संपते. दिवसभर राबलेला माणूस अंधार पडताच मचाणावर जागल करावयास जातो. कारण रानडुकरांचा कळप आणि रोही एका रात्रीत सबंध हंगामाच्या श्रमावर पाणी फिरवतात. डबे वाजवणे, फटाके उडवणे, गोफण फिरवणे हे त्याचे नेहमीचे उपाय, आणि परवाना असल्यास बंदूक हा शेवटचा. या बंदुकीस आवाज दाबणारी नळी, म्हणजे सायलेन्सर, लावण्याची मुभा सामान्य नागरिकास असावी काय, या प्रश्नाचा आज दोन्ही बाजूंनी विचार करावयाचा आहे.

प्रथम ही वस्तू कशी चालते ते पाहू. अमेरिकेतील हायराम पर्सी मॅक्सिम याने १९०९ साली तिचे पेटंट मिळवले. गोळीच्या पाठोपाठ तप्त वायू बंदुकीच्या तोंडातून एकदम फुटतो. मोठा धडाका होतो तो त्यामुळे. सायलेन्सरच्या कप्प्यांत हाच वायू अडतो, पसरतो व निवून बाहेर पडतो. त्यायोगे आवाज साधारणतः २० ते ३५ डेसिबलनी उतरतो. तथापि चित्रपटांत दिसते तशी बंदूक मुकी होत नाही. ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडकडाट हवेत उमटतोच.

आता अनुकूल पक्ष. बंदुकीच्या बाराचा आवाज १४० ते १७० डेसिबलपर्यंत जातो, आणि १४० च्या वरचा एकच धक्का कानास कायमची इजा करू शकतो. कानांत बोळे घालावेत, असे कोणी सुचवील. परंतु जागल करणाऱ्यास पिकातली सळसळ ऐकू आली पाहिजे, तेथे बोळे काय कामाचे? नॉर्वेमध्ये शिकारी हे साधन मोकळेपणाने वापरतात. अमेरिकेने १९३४ साली त्यावर २०० डॉलरांचा कर बसवला होता. २०२५ च्या कायद्याने तो शून्यावर आणला, नोंदणी मात्र कायम ठेवली. तेव्हा हे केवळ मारेकऱ्याचे हत्यार आहे, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

आपल्या कायद्याचा कौल मात्र उलट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा निराळा उल्लेख केला, आणि ती अपुरी पडत असेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची सोयही ठेवली. म्हणजे शेतकऱ्याची गरज कायद्याने ओळखली होती. त्याच कायद्याखालील नियमांनी मात्र आवाज वा ज्वाळा कमी करणारी उपकरणे निषिद्ध वर्गात घातली आहेत.

हा निषेध मला योग्य वाटतो. शेतातल्या बंदुकीचे अर्धे काम तिचा आवाजच करतो. एका बाराने कळप पांगतो आणि शेजारचा शेतकरी सावध होतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये उभ्या पिकाची नासाडी करणारे डुक्कर वा रोही मारावयाचे, तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती परवानगी पाळली गेली की नाही, हे रानात कोण पाहणार? पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, आणि तेथे वाघांचा वावर आहे. रात्रौ ऐकू आलेला बार हीच वनरक्षकास मिळणारी पहिली खबर असते.

अवनी वाघिणीचे प्रकरण येथे आठवते. तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या परिसरात गोळीने मारली गेली. ती कारवाई सरकारी होती, उघड होती. तरीही त्या अंधारात नेमके काय घडले, यावर मोठा वाद माजला आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियमभंगाचे आक्षेप नोंदले गेले. अधिकृत गोळीचा हिशेब लागावयास इतके सायास, तर चोरट्याने झाडलेल्या दबक्या गोळीचा हिशेब कोण मागणार?

राहिला कानांचा प्रश्न. हलके आवाज ऐकू देणारी आणि मोठा धडाका अडवणारी कर्णकवचे आज मिळतात. ती महाग आहेत. म्हणूनच परवान्याबरोबर ती सवलतीने मिळावीत, अशी मागणी शेतकऱ्याने करणे रास्त होईल.

परंतु श्रोतेहो, बंदी योग्य आहे एवढे म्हणून शहरातल्या आपणांस मोकळे होता येणार नाही. वाघ जगावा, रान सुरक्षित राहावे, ही इच्छा आपली; तिच्यासाठी रात्र जागून काढणारा आणि कानांवर आघात सोसणारा मनुष्य मात्र दुसराच. त्याला नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी, परवानगीचा अर्ज हंगाम संपण्यापूर्वी निकालात निघावा, कुंपणास साहाय्य व्हावे, यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे. तसे न केल्यास ही बंदी न्याय्य असूनही तिचा सारा भार त्या मचाणावरच्या एकट्या माणसावर पडेल.