पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा वाढदिवस

हातातलं काम थांबवू नका. काम करता करता ऐकण्यासारखंच आहे.

आमच्या नांदगावच्या बचत गटात एक ताई आहेत. त्यांचं माहेरही गावातच. त्यांच्या आईचा वाढदिवस यंदा पहिल्यांदा झाला. आईंचं वय पंचाहत्तरच्या पुढे, पण नेमकं किती ते कागदाला विचारू नका. आधार कार्डावर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. आपल्याकडच्या कितीतरी आज्या १ जानेवारीला जन्मल्यात, आणि शाळेत गेलेल्या असतील तर १ जूनला. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे.

आईंचा हिशोब वेगळा. "पोळ्याला बैल रंगवले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तू झालीस," असं त्यांची आई सांगायची. आणि १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या तेव्हा थोरला मुलगा सुकडी खाण्याएवढा झाला होता. त्यावरून लेकींनी साल काढलं. कागदावर वय चार वर्षांनी कमी भरतंय. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत आहे, पण आई अजून अर्धं तिकीट काढतात. भाच्याने तहसील कचेरीत जुन्या जन्मनोंदीच्या नकलेसाठी अर्ज टाकलाय. त्या नोंदवहीला आपण कोतवाल बुक म्हणतो. त्यात मुलीचं नाव बहुतेक नसतंच. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगी’, एवढंच. तेवढं सापडलं तरी खूप झालं.

तर वाढदिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरला. एक लेक चाळीसगावहून रेल्वेने, दुसरी येवल्याहून एसटीने, धाकटा मुलगा नाशिकहून. सुना, जावई, नातवंडं मिळून बावीस पानं. आम्ही गटातल्या चौघी सकाळीच गेलो, कारण मांडे करायचे होते. चुलीवर खापर पालथं घातलं, एकीने पुरण वाटलं, दुसरीने कणीक सैल मळली. हातावर मांडा फिरवून फिरवून मोठा करणं सगळ्यांना जमत नाही. आमच्यातल्या एकीलाच जमतं, आणि ते ती दिवसभर सांगत होती.

त्या घाईत उत्सवमूर्ती कुठे? स्वयंपाकघरात, लसूण सोलत. तीनदा बाहेर नेऊन खुर्चीवर बसवलं, तीनदा आत आल्या. शेवटी आम्हीच म्हटलं, बसू द्या. खुर्चीवर एकटं बसवून ठेवण्यात कसला आलाय मान! तिथे बसून त्या मांडा कुठे फाटतोय ते तरी सांगत होत्या.

नातवाने केक आणला होता. मेणबत्ती फुंकायला आई तयार नव्हत्या. दिवा विझवायचा नसतो म्हणाल्या. मेणबत्ती तशीच जळू दिली आणि केक कापला. तिथवर सगळं हसतखेळत झालं.

मग औक्षण. पाट मांडला, भोवती रांगोळी, ताटात निरांजन, सुपारी, हळदकुंकू. थोरल्या लेकीने कुंकवाला बोट लावलं आणि आईंच्या नणंदबाई म्हणाल्या, "कुंकू नको गं, नुसत्या अक्षता टाक." मालक जाऊन एकोणीस वर्षं झालीत. लेकीचा हात तिथेच थांबला. कोणी बोलेना. गेली एकोणीस वर्षं संक्रांतीला हळदीकुंकवाचे तिळगूळ आई वळतात आणि बायका आल्या की आतल्या खोलीत जातात, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

बोलल्या त्या आईच. "मला पहिलं कुंकू माझ्या आईनं लावलं, पाळण्यात. तवा यांचा बाप कुठं होता?"

एवढं हसू फुटलं की जावईसुद्धा तोंड लपवायला लागले. लेकीने कुंकू लावलं. मग सुनांनी, मग आम्ही. नणंदबाईंना ते पटलं नाही. त्या ओट्यावर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने आईच त्यांचं ताट घेऊन गेल्या आणि दोघी तिथेच जेवल्या. काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठरावाने कोणाचं बोट कुंकवाच्या करंड्यात जात नाही, हे आम्हाला कळतं. पण कोणी अडवलं तर दाखवायला कागद असलेला बरा.

एक मात्र आमचं ठाम मत झालंय. हे त्या बाईला आधी, एकटीला गाठून विचारायचं. चारचौघांत विचारलं तर ती दहापैकी नऊ वेळा नकोच म्हणेल, किंवा आपल्यासाठी हो म्हणेल. आईंना लेकीने आदल्या रात्री पाय चेपताना विचारलं होतं. त्या तेव्हा नुसत्या "बघू" म्हणाल्या होत्या. पाळण्याचं उत्तर त्यांनी रात्रभर जुळवलं असणार, असा आमचा अंदाज आहे.

आता गटात आणखी दोन आज्यांचे वाढदिवस ठरलेत. तारखा नाहीत. एकीचा कार्तिकी एकादशीच्या आसपास, दुसरीचा बाजरी खळ्यात असतानाचा. पहिलीने कुंकवाला हो म्हटलंय. दुसरी म्हणाली, "मला कुंकू नको बाई, सवय मोडली. पण मांडे करा." तिच्यासाठी मांडे करायचे ठरलेत. खापर आमच्याकडेच आहे.