गोठलेल्या जमिनीवरचा लोहमार्ग

तीन कळसूबाई एकावर एक रचल्या, तरी तिबेटमधली तांगुला खिंड त्यांच्याहून उंच भरेल. 5,072 मीटर! तिथून रोज प्रवासी गाडी जाते.

गोलमुड ते ल्हासा हा 1,142 किलोमीटरचा मार्ग 1 जुलै 2006 रोजी सुरू झाला. चढापेक्षा अवघड होती ती जमीन. सुमारे 550 किलोमीटर पट्ट्यात जमिनीच्या पोटात बारमाही बर्फ. तो वितळला की भराव खचणार, रूळ वाकणार.

त्यावरचा उपाय मला तरी फार आवडतो. रुळांच्या दुतर्फा लोखंडी नळ्या रोवल्या आहेत. आत थोडा अमोनिया. हिवाळ्यात वरची हवा जमिनीहून थंड असते. तळाचा अमोनिया जमिनीतली उष्णता घेऊन वाफ होतो, वर जाऊन गारठतो आणि पुन्हा द्रव होऊन खाली उतरतो. उन्हाळ्यात वरचं टोक तापतं आणि हे चक्र आपोआप थांबतं. म्हणजे उष्णता बाहेर पडते, आत शिरत नाही. ना वीज, ना पंप! जिथे जमीन फारच कच्ची, तिथे सरळ खोल खांबांवर पूल बांधले.

आणि प्रवासी? तिथल्या हवेत ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. म्हणून डब्यात जादा ऑक्सिजन सोडतात. शिवाय धाप लागलीच, तर नाकाला नळी लावायची सोय आहे. बाहेरचा दाब इतका कमी, की सोबतची वेफर्सची पाकिटं टम्म फुगतात. खिडकीशी बसून ती फोडायला मुलांना मजा येत असणार.