स्लॅबच्या दिवशी पाणी मोजा!

मी कोडिंगवाला, पण आज विषय काँक्रीट. गावी आमच्या घराचा स्लॅब भरत होते. प्रमाण ठरलेलं: एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, म्हणजे एम-२०. घमेली मी मोजत होतो. पाणी मात्र कुणीच मोजेना. माल घट्ट वाटला की लगेच पाइप सुरू! आता बघा, जास्तीचं पाणी उडून गेलं की आत बारीक पोकळ्या राहतात, ताकद घटते. ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मी बोललो, तर बाबा म्हणाले, "मिस्त्रींना शिकवतोस?" गप्प बसलो. दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. तुम्ही गप्प बसू नका. मापाची बादली घेऊन मिक्सरपाशी उभे राहा.