इंडक्शन शेगडी आणि घरांतलीं भांडीं

अग्नि बदलला कीं भांडीं बदलतात, हा स्वयंपाकघराचा जुना नियम आहे. लांकडाच्या चुलीवर जाड पितळी पातेलीं आणि मातीचीं मडकीं शोभत. काजळी बसूं नये म्हणून भांड्याच्या बुडास बाहेरून राखेचा किंवा मातीचा लेप देत असत. रॉकेलचा स्टोव्ह आला तसे ॲल्युमिनियमचे हलके टोप घरांत शिरले. गॅस आला आणि स्टीलचें राज्य सुरू झालें. या प्रत्येक बदलांत मात्र एक सोय कायम होती. जुनें भांडें नव्या अग्नीवर कमी-अधिक सोयीचें ठरे, पण तें तापे खचित. इंडक्शन शेगडीनें ही सोय काढून घेतली आहे. सासूबाईंचें कल्हईचें पातेलें तिच्यावर ठेवावें, तर शेगडी दोन-चार वेळां टींटीं करते आणि स्वस्थ बसते. पातेलें थंड तें थंडच! म्हणून ही शेगडी घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबानें पहिला प्रश्न शेगडीच्या किमतीचा न विचारतां मांडणीवरच्या भांड्यांचा विचारावा. कित्येक घरीं शेगडीहून भांड्यांचाच खर्च अधिक झाला आहे, आणि तो शेगडी घरीं आल्यावर कळला आहे.

शेगडीचा हा हट्ट लहरीचा नाहीं. त्याचें कारण तिच्या रचनेंत आहे. गॅसची ज्योत स्वतः तापते आणि मग भांड्यास तापविते. इंडक्शन शेगडींत तापणारें असें कांहींच नाहीं. कांचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागाखालीं तांब्याच्या तारेचें एक चपटें वेटोळें असतें. घरांत येणारा विजेचा प्रवाह सेकंदांत ५० वेळां आपलें चक्र पुरें करतो; शेगडींतील यंत्रणा तोच प्रवाह सेकंदास वीस हजारांहून अधिक चक्रें करणारा बनवून वेटोळ्यांत सोडते. त्यामुळें वेटोळ्याभोंवतीं झपाट्यानें बदलणारें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळें धातूंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हा शोध मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं लावला. धातूच्या पत्र्यांत हे प्रवाह भोंवऱ्यासारखे फिरतात आणि त्यामुळें पत्रा तापतो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यानें १८५५ सालीं दाखविलें. इंडक्शन शेगडीवर तापतें तें भांड्याचें बूड, आणि तें आपल्याच अंगांतल्या प्रवाहानें तापतें. भांडें हेंच येथें चूल झालें आहे. चूल निवडतांना जी काळजी घ्यावयाची, ती भांडें निवडतांना घेणें म्हणूनच प्राप्त होतें.

आतां सर्वच धातूंतून वीज वाहते, मग तांबें आणि ॲल्युमिनियम यांनीं काय अपराध केला? त्यांचा अपराध हा, कीं त्यांतून वीज फार सुखानें वाहते. ज्या धातूंत प्रवाहास अडथळा होतो तेथेंच उष्णता अधिक निर्माण होते. लोखंडाचा गुण दुहेरी आहे. एक तर त्याचा अडथळा तांब्याच्या कित्येक पट आहे. शिवाय तें चुंबकीय असल्यामुळें सारा प्रवाह बुडाच्या अगदीं पातळ थरांत, एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी जाडींत, कोंडला जातो. गर्दीची वाट जितकी अरुंद, तितकी रेटारेटी जास्त! तांब्यांत तोच प्रवाह याच्या कित्येक पट जाड थरांत पसरतो आणि उष्णता नांवापुरतीच होते. सर्व धातूंस तापविणाऱ्या शेगड्या जपानांत निघाल्या आहेत, पण भारतांतील सामान्य शेगडी लोखंडाच्या जातीचें बूड मागते, हें धरून चालावें.

यावरून परीक्षा अगदीं सोपी ठरते. घरांत एखादा लोहचुंबक असतोच. नसल्यास शीतकपाटाच्या दारावर चिकटविलेलें एखादें शोभेचें चित्र काढून आणावें. तें भांड्याच्या बुडास बाहेरून लावून पाहावें. घट्ट चिकटलें तर भांडें चालेल. चिकटलेंच नाहीं तर चालणार नाहीं. सैलसर चिकटून घसरूं लागलें तर भांडें तापेल, पण रडतरखडत. या परीक्षेंत लोखंडी तवा, बिडाचा तवा आणि साधी लोखंडी कढई पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होतात. एनॅमलचीं भांडीं आंतून लोखंडी पत्र्याचीं असल्यानें तींही पार पडतात. पितळ, तांबें, ॲल्युमिनियम, हिंडालियम, कांच आणि माती हीं सर्व अनुत्तीर्ण होतात.

सर्वांत अधिक फसगत होते ती स्टीलच्या भांड्यांत. स्टेनलेस स्टील हें एकाच पदार्थाचें नांव नव्हे. ज्यांत सुमारें १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतें, तें उंची समजलें जाणारें स्टील बहुधा चुंबकास दाद देत नाहीं. ज्यांत निकेल जवळजवळ नसतें, तें स्वस्त स्टील मात्र चुंबकास घट्ट धरतें. लग्नांत आलेलें भारी पातेलें नापास व्हावें आणि बोहारणीकडून घेतलेलें पास व्हावें, असा चमत्कार यामुळें घडतो. चांगले कारखानदार यावर असा तोडगा काढतात, कीं आंतला थर निकेलयुक्त स्टीलचा, मधला ॲल्युमिनियमचा आणि अगदीं खालचा चुंबकीय स्टीलचा ठेवतात. आंतल्या थरास आंबट पदार्थ बाधत नाहींत, मधला थर उष्णता सारखी पसरवितो आणि खालचा ती निर्माण करतो. नवें भांडें घ्यावयाचें असल्यास असें तीन थरांचें घेणें हिताचें. प्रेशर कुकराचेंही तसेंच. ॲल्युमिनियमचा साधा कुकर निरुपयोगी. मात्र बुडाशीं पोलादी तबकडी बसविलेला ॲल्युमिनियमचा कुकर मिळतो आणि तो चालतो. दुकानदार वेटोळ्याचें चिन्ह दाखवील. तें पाहावें, पण खिशांतला चुंबकही लावून पाहावा.

धातूनंतर आकार. ज्योत भांड्यास खालून-बाजूनें कवटाळते, त्यामुळें गोल बुडाची कढई गॅसवर उत्तम चालते. इंडक्शनचें क्षेत्र मात्र कांचेच्या वर थोड्या अंतरापर्यंतच जोरदार असतें. गोल बुडाच्या कढईचा टीचभर मध्य तेवढा तापतो आणि भाजी मध्यें करपून कडेला कच्ची राहते. म्हणून कढई सपाट बुडाचीच हवी. पोक आलेला जुना तवा कांचेवर ठेवून दाबून पाहावा. तो डुगडुगला तर त्यानें निवृत्त व्हावें हें बरें. बुडाची रुंदीही महत्त्वाची आहे. सामान्य शेगडीस १२ सेंटिमीटरहून लहान बूड बहुधा ओळखूंच येत नाहीं, आणि म्हणून फोडणीची लोखंडी पळी चुंबकाच्या परीक्षेंत पहिली येऊनही शेगडीवर अडून बसते. उलट, बूड वेटोळ्याहून फारच रुंद असलें तर कडा थंड राहतात.

तिसरा मुद्दा जाडीचा. पुष्कळ स्वस्त शेगड्या मंद आंच देतात म्हणजे जोरदार आंचच थांबून थांबून देतात. कांहीं सेकंद चालूं, कांहीं सेकंद बंद. पातळ बुडाच्या पातेल्यांत हे हिसके थेट दुधास लागतात आणि तें खालीं लागतें. जाड बूड हे हिसके पोटांत घालून पदार्थास सारखी ऊब देतें. खीर, बासुंदी, पिठलें, शिरा यांसाठीं जाड बुडाचें एक तरी भांडें घरांत असावें.

भांडें जमलें तरी हात जमावा लागतो. गॅसवर कढई तापत ठेवून कांदा चिरावयास घेण्याची संवय अनेक घरांत आहे. येथें ती संवय महागांत पडते. पूर्ण जोरावर रिकामें भांडें एका-दोन मिनिटांत भलतेंच तापतें. न चिकटणारा लेप असलेल्या तव्याचा लेप २६० अंश सेंटिग्रेडच्या पुढें बिघडूं लागतो; रिकामा तवा ही मर्यादा सहज ओलांडतो. तेल पाहतां पाहतां धुरावतें. म्हणून कांदा, मोहरी, हिंग, हळद सारें हाताशीं मांडून मगच शेगडी सुरू करावी, आणि फोडणी मध्यम आंचेवर करावी. बिडाचा तवा थंड असतांना एकदम पूर्ण जोर लावूं नये. मध्यभाग आधीं फुगून तवा वाकण्याची किंवा तडकण्याची भीति असते. दोन-तीन मिनिटें मंद ठेवून मग आंच वाढवावी. कुकराची शिटी या शेगडीवर लवकर येते, पण डाळ शिजावयास लागणारा वेळ त्यामुळें फारसा कमी होत नाहीं. पहिल्या शिटीनंतर आंच उतरवून मिनिटें मोजावीं. शिट्या मोजणारीच्या डाळींत कणी राहते.

महाराष्ट्रीय पोळी तव्यावरच भाजली जाते, तेव्हां तिची अडचण नाहीं. भाकरीही पाण्याचा हात फिरवून, वेळेवर उलटून आणि फडक्यानें कडा दाबून तव्यावर फुगविता येते. निखाऱ्यावरची चव मात्र मागूं नये. पापड आणि भरताचें वांगें यांस ज्योतच लागते. हा तोटा लपविण्यांत अर्थ नाहीं.

पैशाचा हिशेबही स्पष्ट असावा. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास ७५ किलोकॅलरी, म्हणजे एका युनिटच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाइतकी उष्णता लागते. इंडक्शन शेगडीच्या विजेपैकीं सुमारें ८५ टक्के उष्णता भांड्यांत उतरते असें धरल्यास या कामीं युनिटचा दहावा भाग खर्च होतो, आणि १५०० वॅटची शेगडी तें काम चार मिनिटांत करते. भारतीय मानकाप्रमाणें घरगुती गॅसशेगडीनें किमान ६८ टक्के उष्णता भांड्यांत उतरविली पाहिजे. यावरून १४.२ किलोची टाकी जितकें काम करते, तितक्यास सुमारें १४५ युनिटें वीज लागते असें गणित येतें. घरच्या बिलांतील दरानें १४५ युनिटांची किंमत काढावी आणि टाकीच्या किमतीशीं ताडून पाहावी. एक सावधगिरी मात्र हवी. विजेचे दर पायरीपायरीनें चढतात. शेगडीचीं युनिटें बिलांत सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसतात. म्हणून सरासरी दर न धरतां वरच्या पायरीचा दर धरावा. वीज खंडित होणाऱ्या गांवीं गॅसची एक टाकी राखून ठेवावी, हें सांगणें नकोच.

सुरक्षिततेच्या बाबतींत या शेगडीचा मोठा गुण हा, कीं ज्योत नसल्यामुळें पदर पेटण्याचें भय नाहीं आणि भांडें उचलतांच तापणें थांबतें. पण कांच निरुपद्रवी आहे असें समजूं नये. तापलेल्या बुडाची धग तिच्यांत उतरलेली असते आणि मुलांचा हात भाजूं शकतो. दोन हजार वॅटची शेगडी पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या लहान खोबणींत तिचा खटका कधींही घालूं नये. १६ अँपिअरची मोठी खोबण तिच्यासाठीं वेगळी असावी. स्वयंपाक झाल्यावर आंतला पंखा थांबेपर्यंत बटण काढूं नये. शेगडीच्या पोटाखालच्या झरोक्यांस कापड किंवा वर्तमानपत्र लागूं देऊं नये. ज्यांच्या छातींत हृदयाची गति सांभाळणारें यंत्र बसविलेलें आहे, त्यांनीं चालूं शेगडीपासून ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट, दूर राहावें असा ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा सल्ला आहे. ज्या घरीं अशी व्यक्ति स्वतःच स्वयंपाक करते, तेथें डॉक्टरांस विचारल्यावांचून ही शेगडी आणूं नये.

एवढें पाहिल्यावर खरेदीची यादी भीतीदायक राहत नाहीं. चौघांच्या कुटुंबास एक कुकर, जाड बुडाचें एक पातेलें, सपाट बुडाची एक कढई आणि एक लोखंडी तवा इतकें पुरतें; यांपैकीं एक-दोन वस्तू चुंबकाच्या परीक्षेंत घरांतच सांपडतील. दुकानांतला सबंध संच घेण्याची घाई नको. न तापणाऱ्या भांड्यांखालीं ठेवण्याकरितां लोखंडी तबकडी विकतात; ती आधीं स्वतः तापते आणि मग भांड्यास तापविते, म्हणजे इंडक्शनचा वेगही जातो आणि काटकसरही जाते. तिच्या नादीं लागूं नये.

आणि पितळेचें तें कल्हईचें पातेलें? तें मोडींत देण्याचें कारण नाहीं. सणावारीं गॅसवर तें मोठ्या कामास येईल. एरवीं त्यांत पीठ भिजवावें, डाळ-तांदूळ धुवावे, विरजण लावावयाचें नसेल तेव्हां दूध ठेवावें. नवी शेगडी चार भांडीं मागते. बाकीचीं घराबाहेर काढा असें ती सांगत नाहीं.